बांधावरचं गवत

आमच्या विहिरीचं पाणी खारट. संग्रामपूरकडच्या या पट्ट्यात त्या पाण्यावर डाळ शिजत नाही, पण झिंगा मात्र खुशाल वाढतो. म्हणून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, शेततळ्यात झिंगे सोडले. नवऱ्याची नोकरी शेगावला. तेव्हा तळं मामाजींचं आणि नोंदवही माझी, अशी वाटणी झाली.

गेल्या वर्षी व्यापाऱ्याने सांगितलं, यापुढे पर्यावरणाचं प्रमाणपत्र असेल तरच माल उचलणार. आम्ही चार छोट्या तळेवाल्यांनी मिळून एकच अर्ज केला. म्हणजे एक बुडाला की चौघंही बुडणार. फॉर्म तर समुद्रकाठच्या मोठ्या लोकांसाठी केलेला. खारफुटीचं जंगल किती अंतरावर, असाही एक प्रश्न होता. मामाजी म्हणाले, "लिहून टाक, लय दूर हाय." हसू आलं, पण मला मेलीला हसतानाही धाकधूकच.

तपासणीला आठवडा उरला होता. सकाळी तळ्यावर गेले तर बांधावरचं गवत पिवळं पडलेलं. मामाजींना विचारलं.

"तणनाशक मारलं. पाहुणे येऊन राह्यले, अन् बांध असा जंगलावाणी? लोक काय म्हणतीन?"

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की अंगणात गवताची काडी ठेवत नाहीत. त्यांनी तेच केलं होतं. आणि नियमांत स्पष्ट लिहिलेलं: बांधावर गवत राखा, तळ्याजवळ औषध मारू नका. ते पान मी त्यांना वाचून दाखवलंच नव्हतं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला कशाला ताप. अतिशहाणी मी!

वहीत रकाना होता: रसायन वापरलं का? पेन घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. बाकीच्या तिघांची तळी डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी 'नाही' लिहिलं.

तपासणीला एक मॅडम आल्या. वाळलेलं गवत त्यांनी वाकून पाहिलं. यंदा ऊन फार, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामाजी मोठ्या हौसेने म्हणाले, "तुमच्यासाठी मीच फवारलं, म्याडम. सोता पंप पाठीवर घेऊन."

मॅडमनी वही मागितली. त्या पानावर थांबल्या. "अक्षर कोणाचं?"

"आमच्या सूनबाईचं," मामाजी म्हणाले. "मोत्यावाणी हाय ना?"

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून लिहू लागल्या. मला तळ्यात उडी मारावीशी वाटली.

पत्र आलं ते इंग्रजीत. नुसती फवारणी असती तर एक हंगाम थांबवून पुन्हा तपासलं असतं. अर्ज फेटाळला होता तो खोट्या नोंदीमुळे, आणि वर्षभर नवा अर्जही करायचा नव्हता.

"काऊन नाई देल्लं?" मामाजींनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "फवारणीमुळे."

त्याच संध्याकाळी ते तिघांच्याही दारी गेले आणि टोपी काढून म्हणाले, "चूक माही झाली." त्या हंगामाचा माल चौघांनीही आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने विकला. मामाजींना कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेव्हापासून ते बांधावर कोणाची शेळीसुद्धा चढू देत नाहीत. गवत आता गुडघ्याएवढं झालंय. मला त्या बांधाकडे बघवत नाही.

वर्ष सरलं. उद्या पुन्हा तपासणी आहे, मॅडम त्याच. मघाशी मामाजींनी देवघरातून ते पत्र काढलं, त्याची घडी सरळ केली आणि माझ्या हातात दिलं.

"हे संग ठेव. म्याडमले दाखवू. चूक माही होती, माह्या सुनेच्या वहीत काई खोट नाई."

पत्र अजून माझ्या हातात आहे. त्यात खरं काय लिहिलंय, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.