दोन तिरक्या रेघा

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मला मागून ‘लाल पेन’ म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणोत बापडे. नोटीस बोर्डावर कुणी ‘आज पाणि येणार नाहि’ असं लिहिलं तर मी ते दुरुस्त करणारच. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, हात शिवशिवतो. पण आज सांगायचंय ते माझ्या समोरच्या दारातल्या सुनीतीबद्दल. त्यात माझा स्वतःचा एक पोपट झाला होता, तोही सांगावा लागणार, इलाज नाही.

सुनीती एकोणसाठ वर्षांची. चष्मा कायम केसांत, आणि आवाज इतका बारीक की ऐकायला वाकावं लागतं. डिप्लोमा करून ती तुर्भ्याला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत लागली, आधी सोल्डरिंगला, मग प्रोग्रॅम लिहायला. कंपनी पेट्या बनवायची. पेटीत सिम कार्ड घातलेला एक तुकडा, म्हणजे मोबाइलच, पण त्याला ना स्क्रीन ना बटणं. जावा नावाच्या भाषेत जेवढं लिहून द्याल तेवढंच तो करणार. पंप बंद पडला, फोन कर. लाइट गेली, फोन कर. पुढे मालक वारले, कंपनीला टाळं लागलं. सुनीती घरी आली ती एक खोका घेऊन. त्यात सीड्या, केबली आणि तिच्या अक्षरातली एक वही. तिचा नवरा सुभाष म्हणाला, दे ते भंगारवाल्याला. हिने खोका दिवाणात ठेवला.

“अगं, कंपनीच गेली, आता तुझा काय संबंध?” मी विचारलं.

“पेट्या चालू आहेत ना अजून, उज्ज्वलाताई,” ती म्हणाली.



गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी तिच्या दारात राजाबाई आल्या. उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळीण, पंचावन्नच्या आसपास, हातात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते. बाईंनी पिशवी ठेवली, बसल्या आणि एकदम म्हणाल्या, “सुनीतीबाय, पेटी मुकी झाली.”

मोऱ्याला धक्क्याजवळ त्यांची एक थंडीची खोली आहे. होड्यांनी आणलेली मासळी विकली जाईपर्यंत तिथे राहते. लाइट गेली आणि जनरेटर लागला नाही तर सगळी मासळी नासते. म्हणून अकरा वर्षांपूर्वी सुनीतीने तिथे पेटी लावून दिली होती. लाइट गेली रे गेली की पेटी गंगारामला, म्हणजे राजाबाईंच्या नवऱ्याला, फोन करायची आणि तो जाऊन जनरेटर लावायचा. गेल्या वर्षी गंगाराम गेला. त्याच्या फोनचा रिचार्ज कोण करणार? नंबर बंद झाला आणि फोन कंपनीने तो दुसऱ्याला देऊन टाकला. आता मोऱ्याची लाइट गेली की लातूरला कुणा अनोळखी माणसाचा फोन वाजतो.

“मी एकदा लावून बघितला त्यो नंबर,” राजाबाई म्हणाल्या. “भलताच मानूस बोलला, लातूरचा. मी ठेवून दिला.”

तेव्हापासून त्या स्वतः खोलीपाशी बसून असतात. सात महिन्यांत उरणच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या, आज पहिल्यांदाच, तेही ज्ञानूला बसवून. हा ज्ञानू त्यांच्याकडे कामाला, पन्नाशीचा माणूस. सांगितलेलं चोख करतो, पण न सांगितलेलं त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. फोन तर त्याचा कायम चार्जिंगला कुठेतरी विसरलेला.

“पन मना आता जायाचाच हाय,” त्या म्हणाल्या. “आमची सुनयना, रोह्याला दिलेली. पयला बाळंतपन हाय. पुढच्या आठवड्यातली तारीख. सासू नाय तिला. पेटी बोलली तर मी जाईन, नायतर कशी जाऊ?”

‘पन’, ‘बाळंतपन’. माझी जीभ चावली मी, शप्पथ.

“त्यात काय, नंबर बदल की,” मी सुनीतीला म्हटलं. तर ती कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, नंबर बाहेरून बदलायची सोयच ठेवली नाही. तो प्रोग्रॅमच्या आतच पक्का लिहिलाय.

“आमच्या यानीच सांगितला व्हता तसा,” राजाबाई हसल्या. “माझा नंबर मरेपरत बदलनार नाय, पक्का लिव, म्हनाला.” मग जरा थांबून म्हणाल्या, “नाय बदलला.”

सुनीतीने दिवाण उघडला आणि खोका बाहेर काढला.

आतला प्रोग्रॅम बदलायचा तर त्या तुकड्यासाठीचं जावाचं किट, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साहित्य, कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. सुनीतीचा जुना कॉम्प्युटर कधीच मेलेला. मी माझा लॅपटॉप दिला, नवाकोरा. वाटलं, सीडी घालायची, ‘पुढे’ ‘पुढे’ दाबायचं, तासाभराचं काम. कसलं काय! या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, म्हणून वाशीहून वेगळा ड्राइव्ह आणला. मग कळलं, किटला नवी जावा चालत नाही, तिच्या काळची जुनीच पाहिजे. तीही सुनीतीच्या सीड्यांत निघाली, ती आधी बसवली. मग किट. हिरवी पट्टी ऐटीत सरकत सरकत शेवटाला आली आणि थांबली. फाइल सापडत नाही म्हणे. काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. सुनीती प्रत्येक खेपेला वहीत एक खूण करत होती. बुधवारी दुपारपर्यंत अकरा खुणा झाल्या. राजाबाईंचा सकाळ-संध्याकाळ फोन, “झाला का, बाय?” आणि ही तेच सांगणार, “होईल हो.”

गुरुवारी मी चहा घेऊन गेले तर ही डोळे पुसत बसलेली. सुनीती रडते हे मला नवीनच.

“मी त्यांना म्हटलं होतं, पेटीचं काहीही झालं तर मी आहे,” ती म्हणाली. “आणि मला साधं किट बसवता येत नाही.”

मला राग आला. तिचा नाही, त्या मशीनचा. म्हटलं बघू तरी काय म्हणतंय मेलं, आणि चष्मा लावून स्क्रीनवर वाकले. फाइलचा लांबलचक पत्ता होता इंग्रजीत, आणि त्याच्या मधोमध ओळीने आठ प्रश्नचिन्हं.

“हे काय गं?”

“काही नाही, तिथे तुमचं नाव असतं. लॅपटॉप ज्याचा त्याचं नाव.”

“मग माझं नाव कुठंय? माझ्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं? कोण समजतंय स्वतःला हे किट!”

सुनीती माझ्याकडे बघतच राहिली. “उज्ज्वलाताई, तुम्ही नाव कसं टाकलंय?”

कसं म्हणजे? मराठीत! दुकानदाराने इंग्रजीत घातलं होतं, त्याला उभं करून मी बदलायला लावलं. मराठी बाईच्या लॅपटॉपवर मराठीच नाव, त्याशिवाय पैसे देणार नाही म्हटलं होतं. सगळ्या सोसायटीला मोठ्या अभिमानाने दाखवलंही होतं. आणि ह्या जुन्या किटला मराठी अक्षर म्हणून ओळखू येत नव्हतं! बिचारं तीन दिवस ‘उज्ज्वला’ नावाचं घर शोधत होतं आणि त्याला दिसत होती प्रश्नचिन्हं.

सुनीतीने कपाळाला हात लावला आणि हसत सुटली. इतकी हसली की सुभाष आतून बघायला आला. मी मात्र फुगले होते. माझ्या भाषेपायी तीन दिवस वाया, आणि तेही माझ्याच अडून बसण्यामुळे!

“दुसऱ्या नावाने खातं उघडते,” ती म्हणाली. “इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. काय नाव देऊ?”

“राजाबाई दे,” मी फुरंगटून म्हटलं.

बारा मिनिटांत किट बसलं. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली आणि सुनीतीने माझा गालगुच्चा घेतला. माझा! सहासष्ट वर्षांच्या बाईचा!

शुक्रवारी आम्ही दोघी उरणला उतरून रिक्षाने मोऱ्याला गेलो. पेटीला केबल जोडली, नवा प्रोग्रॅम आत गेला. या वेळी सुनीतीने नंबर मेसेजवरून बदलायची सोयही ठेवली. “पुढे मी असेन-नसेन,” म्हणाली, तेव्हा मी तिला दटावलं. मग ज्ञानूला मेन स्विच पाडायला सांगितला. राजाबाई फोन दोन्ही हातांत धरून उभ्या. एक मिनिट गेलं. माझा जीव टांगणीला. आणि वाजला! राजाबाईंनी दचकून उचलला, “हॅलो? हॅलो, बोल की!” पेटी काय बोलणार? ज्ञानू खो खो हसला, मग राजाबाईही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

शनिवारी सकाळी त्या रोह्याला गेल्या.

पुढच्या बुधवारी दुपारी सुनीती माझ्याकडे सोडे निवडायला बसली होती, तेव्हा त्यांचा फोन आला. हात खराब म्हणून तिने स्पीकरवर टाकला. मुलगी झाली होती, तीन किलोची, सुनयना बरी होती. आणि त्याच सकाळी मोऱ्याची लाइट गेली होती. पेटीने रोह्याला फोन केला, राजाबाईंनी खोलीशेजारच्या दुकानात फोन करून ज्ञानूला निरोप धाडला, जनरेटर लागला. मासळी शाबूत. बाई इतक्या खुशीत होत्या की मध्येच बाळाचं रडणंही ऐकवलं.

मग म्हणाल्या, “एक विचारायचा राहिला, बाय.”

“विचारा ना.”

“माझा नंबर घातलास. मग याचा पुसला का?”

सुनीतीने हातातला सोडा खाली ठेवला. “नाही पुसला. त्या ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा काढल्यात. तशा रेघा काढल्या की मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. पण ओळ तिथेच राहते. कुणी माणसाने उघडून वाचलं तर दिसतं, गंगाराम, आणि पुढे नंबर.”

पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

“म्हंजे हाय,” राजाबाई म्हणाल्या.

“हाय,” सुनीती म्हणाली.

चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांतला ‘हाय’ खोडून मी वर ‘आहे’ लिहीत आले. त्या दुपारी मी खाली मान घालून सोडे निवडत राहिले.