डांबरगोळी घालून ठेवलेला राग

“देशपांडे काकू नुसत्या टोचतात हो, त्यांना काय कळतंय,” माझे मार्गदर्शक सर भारतातून आलेल्या पाहुण्यांना मराठीत सांगत होते. काकू मागच्याच टेबलावर पतंगाला सुई टोचत होत्या. त्यांचा हात हलला नाही. मला हळूच म्हणाल्या, “ऐकलंस? ठेव जपून.”

भूकंपानंतर टोक्योच्या ओजिमा भागातलं बिऱ्हाड हलवून त्या काकांबरोबर होक्काइदोला आल्या आणि मी पीएचडी करत होते त्या विभागाच्या कीटकसंग्रहात अर्धवेळ लागल्या. त्या काहीच विसरत नसत. शेजाऱ्याने एकदा नियमाप्रमाणे वेगळा न केलेला स्वतःचा कचरा त्यांच्या नावावर खपवला. काकू भांडल्या नाहीत. त्याच्या बाटल्या धुतल्या, झाकणं वेगळी केली आणि त्याची सासू आलेली असताना पिशवी नम्रपणे दारात नेऊन दिली. “राग उघड्यावर ठेवला की नासतो,” त्या म्हणायच्या. “डांबरगोळी घालून पेटीत ठेवायचा.”

रविवारी त्या स्प्रूसच्या सूचीपर्णी जंगलात जात. फांदीखाली छत्री उलटी धरायची, वरून काठी हाणायची. एकदा छत्रीत नखाएवढा तपकिरी पतंग पडला. आमच्या डोंगरावर तो आधी कुणालाच मिळाला नव्हता. काकूंनी सुईखाली चिठ्ठी लावली: जागा, तारीख आणि स्वतःचं नाव.

महिन्याभराने त्या सुईखाली नवी चिठ्ठी होती, सरांच्या नावाची. मला रडू आलं. काकूंनी ती भिंगातून दोनदा वाचली आणि हसल्या.

“तारीख माझीच ठेवलीय गाढवाने. त्या दिवशी तू कुठे होतीस?”

मी ओसाकाला होते, परिषदेत. सरांबरोबर.

“मग आत्ता नाही. आधी त्याला मिरवू दे.”

त्याआधीच काकांची बदली झाली. निघताना काकूंनी छत्री माझ्या हातात दिली. “मी बोलले तर टोचणारी बाई कुरकुरते म्हणतील. तू बोल,” म्हणाल्या. मी कुणाशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. “म्हणूनच ऐकतील.”

सरांच्या व्याख्यानात पतंग पडद्यावर आला, चिठ्ठीसकट. फांदी झोडताना त्या दिवशी वारा किती होता, तेही त्यांनी रंगवून सांगितलं. मग प्रश्न विचारा म्हणाले. इंग्रजी शाळेतसुद्धा मी कधी हात वर केला नव्हता. आता केला, आणि सगळ्यांना कळावं म्हणून जपानीत बोलले.

“सर, त्या दिवशी तुम्ही ओसाकात बोलत होता. मी पहिल्या रांगेत होते. हा पतंग देशपांडे-सानना मिळाला.”