पंचेचाळीस सेकंदांची ड्यूटी

“डगला बाहेर का बसवलंस? यल्ला, चल लवकर, आत पाठव त्याला!” हसनसाहेब बाकामागून ओरडले. ते आमच्या कंपनीचे एचआर मॅनेजर. मॅचचा शेवटचा पिरियड चालू होता, दोन-दोन अशी बरोबरी होती आणि बडे पाहुणे पुढच्या रांगेत कंपनीचे मफलर गुंडाळून बसले होते. हरलो तर टीम बंद, हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. कतारमधला वर्ल्ड कप जवळ आला होता, सगळ्यांना फुटबॉलशी नातं दाखवायचं होतं. मॉलमधल्या बर्फावर आइस हॉकी खेळणारे मेसईदचे खतवाले कुठल्याच बॅनरवर शोभत नव्हते.

मी खेळाडू नाही. स्केट्स घालून मला उभंही राहता येत नाही. मी अमोनिया प्लँटचं रोस्टर लावतो, म्हणजे ड्यूटीवर कोण येणार आणि त्याला कोण सोडवणार ते ठरवतो. कॉन्ट्रॅक्ट संपून कॅनेडियन इंजिनियर परत गेले, त्यांच्यातला एकटा डग टीममध्ये उरला, तेव्हा मॅनेजरपद माझ्या गळ्यात पडलं. त्या वेळी आमची सिस्टीम सोपी होती. पक, म्हणजे ती रबराची चकती, डगला द्यायची आणि बघत राहायचं. डग खेळायचा झकास. दहा मिनिटांनी तो दमायचा आणि मग तोही बघत राहायचा.

कंट्रोल रूमच्या पॅनलवर मी दमलेला माणूस ठेवत नाही, मग तो कितीही हुशार असो. इथेही तेच करायचं ठरवलं. गोठलेल्या तळ्यांवर वाढलेले लडाखचे तीन फिटर सापडले. पुण्याचा अमेय, आमचा प्रोसेस इंजिनियर, रोलर स्केटिंगवाला निघाला. वर्षभरात पाच-पाच जणांचे तीन गट उभे राहिले. पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळायचं, की चालू खेळातच दुसरा गट आत. सगळ्या चांगल्या टीम असंच खेळतात. आमच्याकडे इतके दिवस तेवढी माणसंच नव्हती.

“त्याची पाळी संपली, साहेब,” मी म्हणालो.

“पाहुणे त्यालाच बघायला आलेत!”

डग धापा टाकत उठला. “जाऊ का? साहेब सांगताहेत.”

“खाली बस. प्लँटमध्ये साहेब पॅनलवर बसतात का?”

डग हसून बसला. अमेयने विचारलं, “काका, मग आम्ही?”

“विचारतोस काय? पळ!”

समोरच्यांचा हुकमी खेळाडू चार मिनिटं बर्फावरच होता. त्याला कंबरेत वाकवेना. अमेयने त्याच्या काठीखालून पक काढली, स्टॅन्झिन फिटरकडे सरकवली आणि त्याने ती जाळ्यात घातली. तीन-दोन. उरलेला वेळ आमचे तिन्ही गट आळीपाळीने समोरच्यांना नुसते पळवत राहिले.

टीम वाचली. ही सिस्टीम एचआरने आणली, असं हसनसाहेब पाहुण्यांना सांगत होते. मी कॉफी पीत ऐकलं.

तीन महिन्यांनी डग कॅनडाला परत गेला. रोस्टरमध्ये त्याच्या जागी दुसरं नाव लिहायला मला एक मिनिट लागलं आणि आता आपलं कसं होणार, असं कुणीही विचारलं नाही. हे फोनवर ऐकून डग थोडा रुसला. मला मात्र इतका अभिमान प्लँटच्या कुठल्याही रोस्टरचा वाटला नव्हता.