रिकाम्या चौकोनातला बेडूक

शहरातल्या के. आर. पुरम भागातलं तांदळाचं दुकान मुलानं मोडलं, तेव्हा तुकोजीराव आमच्या संस्थेत बेडूक मोजायला लागले. देवनहळ्ळीजवळच्या तळ्याकाठी आम्ही दोऱ्या बांधून दोनशे चौकोन आखले होते. दर पावसाळ्यात ते चिखलात वाकून चौकोनागणिक बेडूक मोजत आणि आकडा वहीत लिहीत.

ते आकडे मी संगणकात भरायचे. तिथेही तसेच चौकोन. प्रत्येकातला बेडूक नशिबानं मरतो, नाहीतर शेजारच्या चौकोनात पिलावळ वाढवतो. हजार वेळा हा खेळ चालवला, तरी बेडूक टिकायचे. म्हणून बाजूला घरांसाठी प्लॉट पाडून लेआउट होत असतानाही, बेडकांना दुसऱ्या तळ्यात हलवायची गरज नाही, असं मीच लिहून दिलं.

यंदा तळं गप्प होतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः चिखलात उतरले. एकही बेडूक सापडला नाही. वहीत मात्र चार वर्षं कितीतरी चौकोनांत एक, एक, एक.

"अण्णा, हे एक आले कुठून?" मी ओरडलेच.

"शून्य कसं लिहायचं, अक्का? दुकानात पोतं कधी पुरतं रिकामं करत नव्हतो. मूठभर ठेवलं की परत भरतं. म्हणून रिकाम्या जागी एक ठेवला."

मी जुन्या आकड्यांत त्या ठेवलेल्या एकांच्या जागी शून्यं घालून खेळ पुन्हा चालवला. हजारांत एकदाही बेडूक वाचले नाहीत.

तुकोजीरावांनी वही ओढली आणि यंदाच्या पानावर शून्यं लिहीत गेले. शेवटच्या चौकोनाशी त्यांचा हात थांबला. तिथलं शून्य मी लिहिलं.