परत आलेला हत्ती

आक्काने उभं आयुष्य सिमेंटच्या पोत्यांची तोंडं शिवण्यात घालवलं आणि निवृत्तीनंतर तिला आपल्या माणसांसाठी कापडी खेळणी करायची हौस आली. नातेवाइकांनी खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तिचा हात पोत्यांवर बसलेला. दाभण खुपसायचं, गुडघ्याने रेटायचं आणि सुतळी अशी ओढायची की समोरच्याला आपलाच कान पिळल्यासारखं व्हावं. त्या टाक्याला सिमेंट काय नि ससा काय, सारखंच. पोटात चिंध्या इतक्या ठासलेल्या असत की खेळणं मांडीवर घेतलं की पायाला मुंग्या यायच्या. शिवण ताणली गेल्यामुळे प्रत्येक प्राण्याच्या तोंडावर, नुकताच कुणी पाणउतारा केल्यासारखा भाव असायचा.

तरी प्रत्येक वस्तू माणूस पाहून केलेली. भावाला पाठदुखी, म्हणून पाठीशी घ्यायला अस्वल. भावजय थंडीने काकडते, म्हणून पायाशी मांजर. लेकीला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, म्हणून उशाशी हत्ती. लेक आता चाळिशीला आली होती आणि तिला भीती वाटायची ती फक्त त्या हत्तीची.

सगळे तोंड भरून कौतुक करत आणि वस्तू माळ्यावर टाकत. आक्का यायची म्हटलं की तीच वस्तू खाली उतरे, सोफ्यावर बसे. आक्का येताजाता अस्वलाच्या डोक्यावरची धूळ पदराने पुसायची आणि चहा छान झालाय म्हणायची.

मग लेकीने नवं घर घेतलं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, सोफा पांढरा. आक्काने फोनवर सांगितलं, "तुझ्या घराला घोडा करतेय. चांगला उभा." लेकीने धसकाच घेतला. तिने मामा-मामीला गाठलं आणि तिघांनी ठरवलं की आता काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. रविवारी तिघं आक्काकडे आले आणि अस्वल, मांजर, हत्ती ओळीने तिच्या टेबलावर मांडले.

"आई, रागावू नकोस," लेक म्हणाली. "पण खरं सांगायचं तर..."

"आवडत नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"सोफ्यावर बसून एवढी धूळ साचत असती तर मला तुमच्या घराचीच काळजी वाटली असती."

भावाने घसा साफ केला. "आक्का, ते अस्वल पाठीला टोचतं गं."

"टोचणारच. तू वाकडा बसतोस."

भावजय जरा पुढे सरकली. "वन्सं, तुमचे कष्ट कळतात हो आम्हाला. पण हल्ली दुकानाचं पैसे भरलेलं कार्ड मिळतं. ते दिलंत की ज्याला जे हवं ते घेता येतं."

"म्हणजे द्यायचं मी, आणि काय दिलं ते मलाच ठाऊक नसायचं."

"तसं नाही हो..."

"मग मी तुमची कोण? बँक?"

आक्का हाताचे घट्टे चोळत बसली. कारखान्यात पोतं शिवून पट्ट्यावर ढकललं की संपलं. ते कुठे गेलं, कुणाच्या भिंतीत गेलं, कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. सगळा जन्म तिने अनोळखी लोकांसाठी शिवलं होतं. हे पहिलंच काम, ज्यात दाभण उचलताना समोर कुणाचा तरी चेहरा असायचा. आणि नेमकं तेच सोड म्हणत होते, तेही ज्यांचे चेहरे होते ते.

"ठेवून जा," ती म्हणाली.

तिघं हलक्या मनाने जिना उतरले. "समजूतदार आहे हो आक्का," भाऊ म्हणाला. एका घरात वाढूनही बहिणीची ओळख करून घ्यायची त्याची राहूनच गेली होती.

कारखान्यात परत आलेलं पोतं कधी फेकत नसत. शिवण उसवायची, माल बघायचा, दुहेरी टाका मारायचा आणि ज्याचं त्याला धाडून द्यायचं. गिऱ्हाइकाला पोतंच नको असेल ही शंका कारखान्याला कधी शिवली नाही. शिवण कच्ची राहिली, एवढंच ते मानत. आक्काने हत्ती मांडीवर उताणा घेतला आणि त्याचं पोट उसवलं.

पुढच्या रविवारी अस्वल आणि मांजर भावाच्या घरी पोचती झाली, आणि दुपारी आक्का लेकीच्या दारात उभी राहिली. मागून जावई घोडा आणि हत्ती आळीपाळीने वर आणत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू घोड्यासारखाच भाव येत चालला होता.

"आई, आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं. मी फक्त ठेवून जा म्हटलं."

"अगं, मला नाही आवडत तो हत्ती."

"नसू दे. आवडून घे असं कुठे म्हणतेय? करायचं मी. आवडायचं की नाही, ते तुझं तू बघ."

"मी परत आणून टाकेन."

"टाक. तिहेरी शिवेन. मात्र आणखी जड होईल, आत्ताच सांगून ठेवते."

लेक आईकडे पाहत राहिली. आईच्या तोंडावर गंमत नव्हती, रुसवाही नव्हता. पाळी सुरू झाल्याचा भोंगा झाला की कामगार जसा यंत्रापाशी उभा राहतो, तशी ती उभी होती.

"कुठे ठेवायचा ते मी ठरवणार," लेक शेवटी म्हणाली.

"ठरव की. घर तुझं आहे."

लेकीने वाकून हत्तीला हात घातला. तो जागचा हलला नाही.

"बघत काय उभी राहिलीस?" ती आईला म्हणाली. "धर त्या बाजूने."