दाराबाहेरचा कप

रत्नाबाईंना राग आला की त्या गप्प बसतात. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्स म्हणून काम केलं, शेवटी मेट्रन झाल्या, आणि तिथले मोठमोठे डॉक्टर त्यांच्या बोलण्याला नव्हे, गप्प बसण्याला वचकून असत. नाकावर राग असणारी माणसं वेगळी, त्यांचा राग शिंकेसरशी निघून जातो. रत्नाबाईंचा राग बरणीतल्या लोणच्यासारखा मुरलेला. आणि का मुरू नये? ज्यांच्या आईबापांनी सगळं मुकाट गिळलं, त्यांनी राग तरी जपून ठेवायला नको का?

नवरा राजाराम गेल्यावर त्या न्यू जर्सीत, पार्सिपनीला मुलाकडे राहायला आल्या. मुलाचं नाव दोघांनी मोठ्या हौसेनं बुद्धभूषण ठेवलं होतं. पार्सिपनीत तो नुसता भूषण झाला होता. आडनाव तर त्यानं इंजिनिअरिंगला असतानाच बदलून गावाचं घेतलं होतं, सावरगावकर. अर्धं नाव कापलं, आडनाव टाकलं, आणि वर म्हणायचा, आई, इथं हे सगळं कोण बघतंय. कोणीच बघत नाही तर कापलंस कशाला, असं रत्नाबाईंनी विचारलं की त्याला ऑफिसचा फोन यायचा.

मराठी मंडळात तो सगळ्यांच्या पुढे. गणपतीचा मांडव घालायला भूषण, नाटकाच्या प्रयोगाला खुर्च्या लावायला भूषण. तुम्ही मूळचे कुठले, असं कुणी फार खोदून विचारलंच तर ‘नागपूर साइडचे’ म्हणून विषय बदलायला भूषणच. घरात बुद्धाची मूर्ती का, तर आम्ही विपश्यनेला जातो. बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये, जिथं पाहुणे जात नाहीत. आणि मुलगी मैत्री, इथंच जन्मलेली, शेवटच्या वर्षाला हायस्कूलमध्ये, तिला एवढंच ठाऊक की आपण बुद्धिस्ट आहोत, म्हणजे आपण मेडिटेशन करतो. बाकी काही तिला सांगायचं नाही, हे ओझं तिच्या डोक्यावर कशाला, असं त्यानं ठरवलं होतं. आईकडून तसा शब्दही घेतला होता. सून उपासना मधे पडली नाही. घर त्याचं, लेक त्याची, म्हणून रत्नाबाईंनी शब्द दिला, आणि दिल्या दिवसापासून तो त्यांच्या घशात अडकला होता.

तर ही मैत्री कॉलेजच्या अर्जासाठी एका म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून जाऊ लागली. नदीकाठचं जुनं डच घर. तांबड्या दगडाच्या जाड भिंती, खाली येता येता अंगणावर झुकलेलं छप्पर, पुढे सफरचंदाची झाडं. डच शेतकऱ्यानं बांधलं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याकडे राहिलं, मग कुणीतरी गावाला देऊन टाकलं आणि आता तिथं इतिहास दाखवतात. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मैत्रीची पहिली टूर होती. भूषणनं कौतुकानं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि मंडळानं लगेच त्याची सहल केली. डबे ठरले, थर्मास ठरले. उपासनाची फार्मसीत ड्यूटी होती, म्हणून आईला घेऊन भूषण एकटाच निघाला. गाडी पार्क करताना तो हळूच म्हणाला, ‘आई, आज प्लीज काही नको हं.’ रत्नाबाई गप्प बसल्या.

मैत्री दारात उभी होती. डोक्याला पांढरी टोपी, लांब झगा, त्यावर एप्रन. आजीला बघून तिनं हात हलवला आणि रत्नाबाईंचा राग घटकाभर विरघळला. पोरगी दिसत होती गोड आणि बोलत होती छान, आपल्या मोडक्या मराठीत, अडलं की इंग्रजीत. पुढच्या खोलीत शेकोटीभोवती निळ्या चित्रांच्या फरशा होत्या. भलंमोठं लाकडी कपाट होतं, त्यात चिनी मातीची नाजूक भांडी. मंडळाच्या बायकांनी भांड्यांचे फोटो काढले. सगळ्यांत पुढे शुभाताई. मंडळाच्या जुन्या अध्यक्ष, पोरासोरांच्या लाडक्या शुभा काकू, मनानं खरोखर चांगल्या. रत्नाबाई आजारी होत्या तेव्हा त्यांनीच आठवडाभर डबा पाठवला होता. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील बाई दुष्ट होती. दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं हो.

मग मैत्रीनं सगळ्यांना मागच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या दाराला दोन फळ्या होत्या, एक वर, एक खाली, वेगवेगळ्या उघडणाऱ्या. मैत्रीनं वरची उघडून दाखवली. वरून उजेड आणि हवा येणार, खालची बंद, म्हणजे जनावरं आत येणार नाहीत. सगळ्यांना गंमत वाटली. मग तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेरच्या भिंतीत एक दगड थोडा पुढे आलेला होता, त्यावर एक पत्र्याचा कप.

‘इथं हॅना म्हणून एक हेल्पर होती,’ मैत्री हसून म्हणाली. ‘ती फॅमिलीसारखीच होती. हा तिचा स्पेशल कप. थंडीत मालकीणबाई स्वतः या दारातून तिला गरम कॉफी ओतून द्यायच्या.’

बायका कौतुकानं ‘अगं बाई’ म्हणाल्या. रत्नाबाई मात्र वाकून तो कप बघत होत्या. आता शब्द दिला होता तो स्वतःचं काही न सांगण्याचा. प्रश्न विचारायचा नाही, असं काही ठरलं नव्हतं.

‘मैत्री, तिला पगार होता का गं?’

मैत्री गडबडली. नाही, म्हणजे ती तशी स्लेव्ह होती, पण हे लोक तिला खूप छान वागवायचे, असं तिनं सांगितलं. म्युझियमच्या बाईंनी पाठ करायला दिलेल्या मजकुरात तसंच होतं.

‘आणि तिचा कप बाहेर काहून? बाकीचे तर आत कपाटात आहेत.’

राग अनावर झाला की रत्नाबाईंच्या तोंडून नागपूर बाहेर पडतं. मैत्रीनं पाठ केलेल्या मजकुरात हे नव्हतं. भूषण घाईघाईनं फोनमध्ये बघू लागला. आणि पोरीची अडचण बघून, तिला सावरून घ्यावं म्हणून, शुभाताई बोलल्या.

‘अहो, आमच्या आजोळीसुद्धा अगदी असंच होतं! गोठ्यात एक बाई यायची कामाला. तिची वेगळी कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असायची. आजी रोज न चुकता तिला चहा द्यायची, आपल्या हातानं. नाव आता आठवत नाही तिचं, पण घरच्यासारखीच होती.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मैत्रीनं सुटकेचा श्वास टाकला आणि शुभा काकूंकडे बघून हसली, जणू तिचं पाठांतर बरोबर निघालं. ते हसू रत्नाबाईंना सोसवलं नाही. त्या खालची फळी ढकलून सरळ बाहेर गेल्या आणि मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. शुभाताईंचा राग होता, या घराचा होता, पण सगळ्यांत जास्त राग पोटच्या पोराचा होता. ओझं नको म्हणून पोरीला कोरी ठेवलीस, आणि कोऱ्या पाटीवर वाड्यावाल्यांनी आपलं लिहून घेतलं. माझ्या आईची, भागाबाईची पणती, आणि डोक्याला टोपी घालून मालकिणीचं गुणगान गाते.

टूर संपली. मंडळी डबे घेऊन झाडाखाली गेली. मैत्री मात्र पुढच्या टूरच्या आधी आजीला शोधत मागे आली.

‘आजी, डिड आय से समथिंग राँग?’

रत्नाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मुलाला दिलेला शब्द तिथंच मोडला. मोडताना त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही.

त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. भागाबाई सावरगावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गोठ्यात शेण काढायची. तिची कपबशी कोनाड्यात, कपाचा कान तुटलेला. मालकीण चहा वरून ओतायची, किटली कपाला लागू नये म्हणून. कधी तो हातावर सांडायचा. चहा पिऊन झाला की कप आपणच विसळायचा आणि जागेवर पालथा घालायचा. त्याला दुसरं कुणी हात लावत नव्हतं, म्हणून तो तिचा स्पेशल. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांना हात लावला की विटाळ होतो, असं तिथं मानायचे. एकदा लहानगी रत्ना तापात आईबरोबर गेली होती. तहान लागली म्हणून तिनं ओसरीवरच्या तांब्याला हात लावला. मालकीण ओरडायच्या आत आईनंच तिच्या थोबाडीत मारली, भर अंगणात, सगळ्यांना दिसेल अशी.

‘मालकिणीनं मारू नये म्हणून माझ्या आईनं मारलं गं,’ रत्नाबाई म्हणाल्या. ‘आणि मालकीण म्हणाली, जाऊ दे भागा, लेकरू आहे. तीही मनानं चांगलीच होती.’

मैत्री आजीशेजारी पायरीवर टेकली. मग म्हणाली, ‘पप्पांना माहिती आहे?’

‘आहे.’

‘आणि मी हे सगळं हसत हसत सांगितलं, आजी.’ तिचा चेहरा लाल झाला होता. रडेल असं रत्नाबाईंना वाटलं, पण ती रडली नाही. उठून आत गेली.

पुढच्या टूरला सगळे अनोळखी लोक होते, बहुतेक गोरे, दोन-तीन काळी माणसंही. रत्नाबाई पायरीवरून हलल्या नाहीत. आई जेवायला आली नाही म्हणून भूषण तिला बोलवायला आला आणि वरच्या उघड्या फळीतून लेकीचा आवाज ऐकून तिथंच थबकला. मैत्री कपापाशी आली होती. या खेपेला ती हसत नव्हती. इंग्रजीत सरळ म्हणाली की हॅना या घराची गुलाम होती, हेल्पर नव्हे. हा कप बाहेर आहे कारण ती ज्यातून प्यायची तो कप आत यायला नको होता. तो प्रेमानं दिलेला नव्हता, दूर ठेवण्यासाठी दिलेला होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सभ्यपणे विचारलं, हे असं कुठे लिहिलेलं आहे का. मैत्री म्हणाली, ठाऊक नाही, पण इंडियात माझ्या पणजीचाही असाच कप होता. माझी आजी बाहेर बसली आहे, तिला विचारा.

फळीतून सगळी डोकी बाहेर वळली. रत्नाबाईंनी कुणाकडे बघून हसायचे कष्ट घेतले नाहीत. तेवढ्यात त्यांच्याशेजारी उभा असलेला भूषण घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, खरं आहे, ती माझी आजी होती.

एक काळी बाई त्याच्याकडे बघून सावकाश मान हलवत राहिली. टूर पुढे सरकली. भूषणनं आईकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे, आणि आई आता पाठीवरून हात फिरवील असं त्याला बहुधा वाटलं असावं. पण आईला ओळखलं नाही त्यानं इतक्या वर्षांत.

‘ही माणसं तुला पुन्हा कधी भेटायची नाहीत,’ रत्नाबाई म्हणाल्या. ‘यांच्यापुढे बोललास त्यात काय मोठं? शुभाताई तिकडे झाडाखाली बसल्यात.’

त्या उठून चालू लागल्या. मागून तो येतो की नाही, हे त्यांनी वळून पाहिलं नाही. सफरचंदाच्या झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, डबे उघडले होते. शुभाताई थर्मासमधून कागदी कपांत चहा ओतत होत्या. या, या, किती उशीर, असं म्हणत त्यांनी जागा करून दिली. भूषण बसला नाही.

‘शुभा काकू, मघाशी तुम्ही त्या कपाचं सांगत होतात ना,’ तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. ‘तो कप माझ्या आजीचा होता.’

‘अरे, तुझ्या आजीचा कसा असेल? तो तर आमच्याकडे गोठ्यात जी बाई…’

शुभाताई मधेच थांबल्या. थर्मास तिरका राहिला, कप भरून चहा सतरंजीवर सांडला तरी त्यांना कळलं नाही.

‘माझी आजीही गोठ्यात जायची. भागाबाई नाव तिचं,’ भूषण म्हणाला. ‘आणि माझं नाव बुद्धभूषण आहे.’

मग शुभाताईंनी, चांगल्या माणसाला सुचावं तेच केलं. दुसरा कप काढला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी रत्नाबाईंपुढे धरला. अहो रत्नाताई, काळच तसा होता, आम्ही लहान होतो, तुम्ही आधी चहा घ्या, असं त्या कळवळून म्हणत होत्या.

रत्नाबाईंनी कप घेतला नाही.

‘चहा घेईन मी,’ त्या म्हणाल्या. ‘आधी तुमच्या आजोळच्या त्या बाईचं नाव आठवा.’

शुभाताई कप धरून आठवत राहिल्या.