सायकलचं पायडल लावलेला भोंगा

पप्पा माझ्याशी फोनवर बोलताना निम्मं इंग्रजी वापरतात. मी शाळेत जायला लागले तेव्हापासूनची त्यांची ही सवय. त्या दिवशी सकाळी फोन आला आणि ते म्हणाले, "मोठे बाबा गेले. झोपेतच गेले. तू निघ." एकही इंग्रजी शब्द नव्हता, त्यामुळे ते रडत नसतानाही मला सगळं कळलं. पुण्याहून परळीपर्यंत मी बसच्या खिडकीला डोकं टेकून बसले होते. डोळ्यांत पाणी येत नव्हतं. बारा दिवसांपूर्वी मी मोठ्या बाबांशी खोटं बोलले होते, तेवढंच मनात फिरत होतं... ते खोटं काय होतं हे सांगायचं तर आधी भोंग्यांबद्दल सांगायला हवं.

मोठे बाबा म्हणजे किसन लिंबाजी वाघमारे, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सहकारी साखर कारखान्यात वायरमन होते. धाकट्या भावाला त्यांनी शिकवलं, तो भाऊ नोकरीला लागला, आम्ही कॉलनीत राहायला गेलो आणि मी इंग्रजी शाळेत. ते मात्र शेवटपर्यंत रेल्वेलाइनच्या पलीकडच्या दोन खोल्यांतच राहिले. तिथल्या कढीपत्त्याची पानं धुतल्याशिवाय फोडणीत टाकता येत नाहीत, इतकी त्यांच्यावर थर्मल वीज केंद्राची राख बसलेली असते. आमच्याकडे आले की सोफ्यावर बसायच्या आधी विजेची सगळी बटणं लावून बघत. मी घरातही फार बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. पण त्यांच्याबरोबर गप्प बसणं सोपं होतं. ते माझ्या हातात बॅटरी द्यायचे आणि म्हणायचे, "धरा मॅडम, हितं उजेड मारा." तेवढं काम पुरायचं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मला जुन्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीवर छत्रीसारखं काहीतरी गंजलेलं दिसलं. मी त्याचा फोटो काढून इंटरनेटवर शोधलं, तर तो हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा निघाला. जगभरात माणसं असे जुने भोंगे हुडकत फिरतात, त्यांचे नकाशे करतात, हे तेव्हा कळलं. माणसांशी न बोलता करता येईल असा छंद मला फार आवडला. तो फोटो मी मोठ्या बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला मी तार वढलेली हाय."

एकाहत्तरच्या लढाईच्या हिवाळ्यात ते वीस-एकवीस वर्षांचे होते, थर्मलवर हजेरीनं हेल्पर. वीज केंद्रावर विमानं येतील म्हणून भोवतीनं भोंगे बसवले होते. मोठे विजेवरचे, लहान हातानं फिरवायचे. खिडक्यांना काळा कागद, रस्त्यावरचे दिवे बंद, आणि भोंगा झाला की सगळ्यांनी खंदकात उतरायचं. विमान काही आलं नाही. "डास लई आले खंदकात," ते म्हणाले. असे किती भोंगे होते विचारलं तर त्यांनी बोटांवर मोजले आणि सहा सांगितले. मग दोन उन्हाळे आम्ही ते सहा शोधत फिरलो. गाडी मी चालवायची, मागे ते, मांडीवर पिशवी. मला वाटायचं ते माझ्या हौसेखातर येतात.

परळीच्या बाहेर आता सगळीकडे प्लॉटिंग झालंय. जिथं ज्वारी होती तिथं कमानी आहेत आणि कमानींवर गृहनिर्माण संस्थांची नावं. तिथल्या लोकांना भोंगा विचारला की मशिदीचा का कारखान्याचा, असं विचारत. बोलायचं काम मोठ्या बाबांचं. ते आधी त्या माणसाचं गाव विचारत, मग पाऊसपाणी, मग हळूच वर छताकडे बोट. टाकीवरच्या भोंग्यात पारव्यांनी घरटं केलं होतं. दुसरा एका शाळेच्या गच्चीवर होता, त्याला दोरी बांधून मुलांचे गणवेश वाळत घातले होते. तिसरा यार्डाजवळच्या भंगारात, चौथ्याची टोपी एका बंगल्यापुढे उलटी ठेवून त्यात शेवंती लावलेली. बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, कुंडी न्यायची न्हाई हं." ते हसले, "न्हाई बाई, रोप लई चांगलं आलंय." पाचवा एका पडक्या केबिनमध्ये सापडला, हातानं फिरवायचा. मी फोटो काढत होते तोवर ते सरळ त्याच्या हँडलकडे गेले. लाकडी मूठ चाचपली आणि म्हणाले, "ह्यो न्हाई." मी माझ्या यादीत पाचव्यापुढे खूण केली. कोणता नाही, हे विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही स्टँडजवळ चहाला थांबलो होतो. त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे बाकावर बसले होते. मला नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "काय बे किसन, आजून भोंगाच हुडकाया लागलास? इकला तवाच सांगितलं आसतंस, तर गिऱ्हाइकाचा पत्ता तरी घावला आसता." आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मीही हसले. मला वाटलं, म्हाताऱ्यांची थट्टा आहे. मोठ्या बाबांनी अर्धा चहा ठेवला आणि उठले. गाडीवर जाऊन बसले. दिंद्रुडच्या रस्त्याला एका लिंबाखाली त्यांनी खांद्यावर थाप मारली, "थांबीव जरा." आणि तिथं उभ्याउभ्या, माझ्याकडे न बघता, मला सगळं सांगितलं.

लढाईनंतर लागलीच मोठा दुष्काळ पडला. आमच्या मूळ गावात पाण्याचा टँकर यायचा, तो सहकारी सोसायटीच्या गोदामापुढे थांबायचा. गोदाम वरच्या गल्लीत. टँकर आला की वरच्या गल्लीत लगेच कळायचं, खालच्या आमच्या वस्तीत निरोप पोचेपर्यंत टाकीच्या तळाचा गाळ उरायचा. कुणी अडवत नव्हतं. नुसतं सांगत नव्हतं. मोठ्या बाबांच्या डोक्यात आलं की थर्मलवर उतरवून ठेवलेला हातभोंगा गोदामावर बसवला, तर आवाज सगळ्यांना एकदमच जाईल. तिथल्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "ने बे, आमाला काय उपयोग." कागद कुणी केला नाही. भोंग्याची मूठ तुटलेली होती, तिथं त्यांनी सायकलचं पायडल बसवलं. सोसायटीचा सेक्रेटरीही तरणाच होता, त्याला पटलं. टँकर आला की तो पायडल फिरवायचा आणि दोन्हीकडच्या बाया घागरी घेऊन एकाच वेळी निघायच्या. "तीन आठवडे," मोठे बाबा म्हणाले. "तीन आठवडे आमच्या आईनं निवळ पाणी आणलं."

मग कुणीतरी थर्मलवर कळवलं की सरकारी भोंगा चोरीला गेलाय. साहेब गावात आले तर गोदामावर भोंगा नव्हता. सेक्रेटरी म्हणाला, मला माहीत नाही. मुकादमानंही कानावर हात ठेवले. हजेरीपटावरून मोठ्या बाबांचं नाव गेलं, आणि गावात, नंतर कारखान्यातही, 'भोंगा विकून खाल्ला' हे कायमचं मागं लागलं. "पोलिसात न्हाई दिलं, हेच लई झालं," ते म्हणाले. "पर एकदा घावला पायजे. मी इकला न्हाई." सहावा भोंगा तो होता. बाकीचे पाच माझ्यासाठी होते.

"गोदामात पाहिलंत का?" मी विचारलं.

"मी तिथं कावून जाऊ? आत आसंल तर म्हणतील, पुन्हा चोराया आला."

म्हणून मी जायचं ठरलं. दिवाळीनंतर त्यांना दम लागायला लागला होता, जिना चढवत नव्हता. डिसेंबरमध्ये सुट्टीला आले तेव्हा मी एकटीच गावात गेले. सोसायटी केव्हाची बंद पडलेली, गोदामाला कुलूप. शेजारच्या घरातून सेक्रेटरींचा मुलगा बाहेर आला, पन्नाशीचा असेल, बोलायला चांगला. मी सांगितलं की कॉलेजचा प्रकल्प आहे, जुन्या वस्तूंचे फोटो काढायचे आहेत. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "तुमी कुठल्या?" परळीच्या. "कुणाच्या?" मी नुसतं नाव सांगितलं. "पुढं?"

आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही, पण मला येतं. शाळेपासून येतं. अशा वेळी मी नुसतं पहिलं नाव सांगते, फोन बघते, उशीर झाला म्हणते. त्या दिवशीही तसंच केलं. तो म्हणाला, "किल्ली बाबांकडं आसती, ते लग्नाला गेल्यात. सोमवारी या, उघडून देतो." सोमवारी मी गेले नाही. पुण्याला निघण्याआधी मोठ्या बाबांकडे गेले आणि सांगितलं, "कुलूप होतं. किल्ली कुणाकडे आहे ते कळलं नाही." ते बाजेवर बसून होते. म्हणाले, "बरं." एवढंच. मी कितीतरी वेळा त्या 'बरं'चा अर्थ लावून पाहिला आहे... वायरमन माणूस. करंट कुठं तुटलाय ते त्यांना हात न लावता कळायचं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. भोंग्याबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही. महिना-दीड महिन्यानं परत आले तेव्हा मी पप्पांनाही न सांगता गावात गेले. तोच मुलगा दारात होता. त्यानं काही विचारायच्या आत मी म्हणाले, "मी किसन लिंबाजी वाघमारेंची पुतणी. सायकलचं पायडल लावलेला भोंगा बघायला आलेय." तो आत बघून म्हणाला, "बाबा..."

सेक्रेटरी आता फार म्हातारे झालेत. काठी टेकत स्वतः आले, कुलूप स्वतः उघडलं. खताच्या फाटक्या पोत्यांमागे, भिंतीला टेकून तो होता. पायडलचं रबर झिजून गेलेलं, पण पायडल होतं.

"सोसायटीचे चेअरमन म्हणले, आत टाक, म्हणून मी आत टाकला," ते म्हणाले. "साहेबानं विचारलं तवा म्हणलं, ठाव न्हाई. माझी नोकरी नवी व्हती, बाई. पुढं रोज सांगीन म्हणलं. रोज किल्ली माझ्याच कमरेला." मग त्यांनी विचारलं, "किसन न्हाई आला?"

"ते गेले. दीड महिना झाला."

ते पोत्यावरच बसले. म्हणाले, "मग आता कशाला आलीस?" ते रागानं बोलले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी वहीतला कागद फाडून पुढे केला आणि म्हटलं, "लिहून द्या." त्यांनी लिहिलं. एकेक अक्षर काढायला फार वेळ लागला. मी सांगितलं नसताना खाली सही केली आणि मुलाला सोसायटीचा शिक्का शोधायला लावला. शाई वाळलेली होती, तरी शिक्का दाबला.

तिथून थेट परळीला मोठ्या आईकडे, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नाही. मी सगळं सांगितलं आणि कागद वाचून दाखवला. जुन्या वळणाचं अक्षर, त्यात माझं मराठी वाचन, दोनदा अडखळले. कागदात असं आहे: सदर भोंगा किसन लिंबाजी वाघमारे यांनी गावाच्या पाण्यासाठी आणून बसविला, तो त्यांनी विकला नाही, तो मी गोदामात ठेवला व मी खोटे सांगितले.

मोठी आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचला.

"आता दारात जाऊन वाच," ती म्हणाली. "हितं मला एकटीलाच ऐकू येतंय."

माझ्या आवाजाची मला नेहमीच लाज वाटत आली आहे. मी दारात उभी राहिले. समोरच्या ओट्यावर दोघीजणी शेंगा फोडत होत्या, पलीकडे एक काका मोटारसायकल पुसत होते. मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला कुणी बघितलं नाही. आतून मोठी आई म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं, नाव आलं तिथं सगळ्यात मोठ्यानं. शेंगा फोडायच्या थांबल्या. काकांनी फडकं गाडीवर ठेवलं आणि दोन पावलं पुढे आले, म्हणाले, "पुन्हा एकदा वाच गं." ते पुसत असलेली गाडी, त्या शेंगांची सालं, सगळं मला अजून दिसतं. किती वेळा वाचलं ते आठवत नाही.

आत आले तेव्हा मोठ्या आईनं हात पुढे केला. खुंटीला त्यांचा खाकी शर्ट अजून तसाच आहे, खिशात टेस्टर. तिनं कागदाची चार घड्यांची घडी केली, टेस्टरच्या शेजारी सरकवली आणि खिशाचं बटण लावलं.